दाब आणि सांधे

समुद्रसपाटीपासून भंडारदरा साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. या उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या मानाने सुमारे आठ टक्क्यांनी कमी असतो. कळसूबाईच्या माथ्यावर, म्हणजे १६४६ मीटरवर, तो जवळजवळ अठरा टक्क्यांनी उतरलेला असतो. शेंडीच्या बाजारात फिरणाऱ्या माणसाला हे आठ टक्के जाणवत नाहीत. इंजिनाला जाणवतात. इंजिन हे शेवटी हवा गिळणारे यंत्र आहे. डिझेल हवे तितके ओतता येते, पण ते जाळायला लागणारी हवा त्या उंचीवर जितकी असेल तितकीच मिळते. जादा डिझेल मग न जळता काळ्या धुराच्या रूपाने मागे सुटते. कसाऱ्याच्या घाटात पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणारे जुने ट्रक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा धूर आठवत असेल.

इंजिनाला निसर्गाने दिलेल्या हवेपेक्षा जास्त हवा कोंबून भरायची, हा यावरचा उपाय. टर्बोचार्जर हे काम करतो. त्याचा इतिहास आजवर ताकदीचा इतिहास म्हणून सांगितला गेला: अमुक इंजिनाची अश्वशक्ती इतकी होती, ती इतकी झाली. मला मात्र तो सांध्यांचा इतिहास वाटतो. हवेवरचा दाब वाढवला की ती प्रत्येक नळीच्या जोडातून बाहेर पडायची वाट शोधते. दाब वाढवणाऱ्या प्रत्येक पिढीला गळती शोधण्याची विद्याही नव्याने शिकावी लागली, आणि आपल्याकडे ती पुस्तकांपेक्षा गॅरेजमध्ये जास्त शिकली गेली. साहित्याच्या दिवाळी अंकात नळ्या आणि क्लिपा कशाला, असे वाटणाऱ्या वाचकाला एवढीच आठवण देतो की १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्यातूनच निघाले होते.

टर्बोची मूळ कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू गरम असतो, वेगात असतो, आणि ही सगळी शक्ती धुराड्यातून वाया जाते. त्या वायूच्या वाटेत एक चक्र ठेवायचे, ते फिरले की त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून, इंजिनात ढकलील. टाकाऊतून टिकाऊ असला हा हिशेब. कागदावर तो सोपा होता. पण तो तापमान आणि तो वेग सहन करणारे धातू त्या काळी नव्हते. ब्यूखीचे म्हणणे मोठ्या प्रमाणावर खरे ठरायला दोन दशके गेली. १९२० च्या दशकात 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्याच्या पद्धतीचे टर्बो बसले आणि १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागले.

मधल्या काळात महायुद्ध झाले आणि विमाने डोंगरापेक्षा उंच जाऊ लागली. विरळ हवेचा प्रश्न आता ट्रकवाल्याचा राहिला नाही, लष्कराचा झाला. फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो यांनी विमानासाठी टर्बो घडवला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये जो प्रयोग केला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सरळ आणि प्रामाणिक प्रयोग वाटतो. त्यांनी लिबर्टी जातीचे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर टर्बोविना २३० वर आले आणि टर्बो लावताच ३५६ वर गेले. ज्या हवेत काम करायचे त्याच हवेत यंत्र तपासायचे, ही शिस्त या प्रयोगात आहे. ती लक्षात ठेवावी. गळतीच्या शोधात ती पुन्हा लागणार आहे.

टर्बोपाठोपाठ दुसरी अडचण आली. हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे टोक हवा भरताना बोटाला चटका देते, तोच प्रकार. तीस अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर आदर्श यंत्रातही ती पंचाण्णव अंशांच्या आसपास पोहोचते. प्रत्यक्षातला कॉम्प्रेसर आदर्श नसतो, त्यामुळे एकशेवीस अंशांची हवा बाहेर पडणे नेहमीचे. गरम हवा फुगते, म्हणजे त्याच जागेत कमी मावते. एवढा खटाटोप करून हवा कोंबायची आणि उष्णतेने तिचा बराच भाग परत घालवायचा, हे परवडणारे नव्हते. म्हणून कॉम्प्रेसर आणि इंजिन यांच्यामध्ये हवा थंड करणारी जाळी बसवली गेली, तोच इंटरकूलर. एकशेवीस अंशांची हवा पन्नासवर आणली तर दाब तोच ठेवून सुमारे वीस टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये जाते.

इंटरकूलर मोठा केला की सगळे सुधारते, हा समज मात्र जुन्या काळीच खोटा ठरला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या पी-३८ लाइटनिंग विमानात सुरुवातीला दाबलेली हवा पंखाच्या पुढच्या कडेतून लांब फिरवून थंड केली जाई. इंजिनांची ताकद वाढत गेली तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली. १९४३ मध्ये आलेल्या 'जे' प्रकारात ती काढून इंजिनाखाली रेडिएटरसारखा मोठा इंटरकूलर बसवला आणि पंखात रिकाम्या झालेल्या जागेत पेट्रोलच्या टाक्या घातल्या. त्या हिवाळ्यात जर्मनीवरच्या उंच, गोठवणाऱ्या हवेत या विमानांची इंजिने मोठ्या संख्येने बिघडली. इंधनापासून वैमानिकांच्या सवयींपर्यंत पुष्कळ कारणे सांगितली गेली. त्यांत नव्या इंटरकूलरने हवा फाजील थंड होऊन इंधन नीट न मिसळणे हेही एक धरले जाते. एक भाग बदलला की इतर सगळ्या भागांचा जुना समतोल मोडतो, हे यातून दिसते.

रस्त्यावर टर्बो हळूहळू उतरला. स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीने १९३८ मध्ये ट्रकचे टर्बो इंजिन काढले. व्होल्वोचा टर्बो ट्रक १९५४ चा. मोटारगाड्यांत १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेअर या दोन गाड्या आल्या. जेटफायरला इंटरकूलर नव्हता. तापलेल्या हवेमुळे पेट्रोल अवेळी पेटू नये म्हणून पाणी आणि मद्यार्क यांचे मिश्रण एका टाकीतून फवारले जाई. मालक लोक ती टाकी भरायला विसरत, मग यंत्रणा आपोआप दाब कमी करी आणि गाडीत दम नाही अशी तक्रार येई. पुढे यांतल्या कित्येक गाड्यांचा टर्बोच काढून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला. तक्रार एका ठिकाणी आणि कारण दुसऱ्या ठिकाणी, ही टर्बोच्या दुरुस्तीची जन्मखोड अशी पहिल्याच पिढीपासून आहे. पोर्शने १९७५ च्या ९११ टर्बोला इंटरकूलर दिला नव्हता. १९७८ च्या ३.३ लिटर इंजिनाला तो मागच्या पंखाखाली बसवला आणि तिथून ही जाळी हौशी मंडळींच्या नजरेत भरली.

आपल्याकडचा प्रवास वेगळा आहे. १९५४ पासून टाटा-मर्सिडीजचे ट्रक आले. त्यांच्यावर घाटातल्या दोन पिढ्या वाढल्या, पण ती इंजिने टर्बोविना होती. पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली आणि तिची जड इंजिने जनरेटरना, डंपरना, खडी फोडण्याच्या आणि विहिरी खोदण्याच्या यंत्रांना लागली. महाराष्ट्रातल्या फिटर लोकांची टर्बोशी पहिली ओळख हमरस्त्यापेक्षा खाणीत, धरणाच्या कामावर आणि कारखान्याच्या जनरेटरखोलीत झाली असावी असे मला वाटते. रस्त्यावरच्या ट्रकमध्ये टर्बो सर्रास दिसू लागला तो १९९० नंतर. १९९३ मध्ये जमशेदपूरला टाटा कमिन्स स्थापन झाली. २००० साली देशभर धुराचे नवे नियम आले आणि टर्बोविना ते पाळणे अवघड झाले. तेव्हापासून ट्रकच्या दर्शनी भागावर 'टीसी' आणि पुढे 'टीसीआयसी' ही अक्षरे झळकू लागली. पहिल्याचा अर्थ टर्बो, दुसऱ्याचा टर्बो आणि इंटरकूलर. ड्रायव्हरांनी ती अक्षरे इंग्रजी म्हणून वाचली नाहीत, जात म्हणून वाचली: हा साधा, हा टीसी, हा आयसी.

मग हीच यंत्रणा घरगुती गाड्यांत आली. १९९८ ची टाटा सफारी टर्बो डिझेलची. २००२ ची महिंद्रा स्कॉर्पिओ तर भंडारदऱ्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर, नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी. ऊस, डाळिंब, दूध यांच्या पैशावर संगमनेर-राहात्याच्या पट्ट्यात या गाड्या भराभर आल्या. पुढची पायरी ठरलेलीच होती: संगणकाची आज्ञावली बदलून दाब वाढवायचा, मूळचा इंटरकूलर काढून मोठा बसवायचा. अशा बदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, हा वेगळा विषय; इथे आपल्याला नंतर काय होते ते पाहायचे आहे.

त्याआधी भंडारदऱ्याच्या धरणाकडे वळले पाहिजे, कारण दाबाखालच्या गळतीचा या भागातला सर्वांत मोठा धडा तिथे आहे. मोटारीच्या टर्बोचा वाढीव दाब साधारण एक बार असतो. दहा मीटर खोल पाण्याखाली जेवढा जादा दाब असतो तेवढा. भंडारदऱ्याच्या धरणाची उंची सुमारे ८२ मीटर. तलाव भरला की पायथ्याशी टर्बोच्या आठपट दाब उभा असतो, आणि तो अडवतात दगड आणि दगडांमधले चुन्याचे सांधे.

प्रवरेवरचे हे धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले म्हणून ते विल्सन धरण, आणि अभियंता आर्थर हिल यांच्या नावावरून तलावाला आर्थर लेक. चाळीसहून अधिक वर्षे ते निमूट उभे होते. सप्टेंबर १९६९ मध्ये, पावसाळ्याअखेर तलाव भरलेला असताना, धरणातून जोराने गळती सुरू झाली आणि मागच्या अंगाला तडे दिसले. कोयनेचा भूकंप होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. खाली प्रवरेच्या काठची सगळी गावे होती. पुढे सत्तरच्या दशकात मागून आधारभिंती उभारून धरण बळकट करण्यात आले. आज तिथे जाणारा पर्यटक त्या आधारभिंती मूळच्याच समजतो.

यातली अभियांत्रिकी बाजू अशी. शतकाच्या आरंभीच्या दगडी धरणांच्या हिशेबात पाणी धरणाला पुढून ढकलते हे धरलेले असे. सांध्यांत शिरलेले पाणी दगडांना आतून वर उचलते, हे पुरेसे धरलेले नसे. त्यात झिरपणारे पाणी वर्षानुवर्षे चुना विरघळवून नेते. म्हणजे सांधा दर पावसाळ्यात थोडा थोडा कमजोर होत असतो आणि तलाव रिकामा असताना त्याची काहीच खूण दिसत नाही. धरणाची गळती किती हा प्रश्न म्हणूनच एकटा विचारता येत नाही. पाण्याची पातळी किती असताना किती, असेच विचारावे लागते. त्याच पातळीला गेल्या वर्षीपेक्षा जास्त पाणी येत असेल तर ती धोक्याची सूचना. पातळी वाढली म्हणून गळती वाढली, तर ती निराळी गोष्ट.

आता गाडीकडे. संगमनेरच्या एका परिचितांच्या डिझेल एसयूव्हीला मोठा इंटरकूलर बसवला होता. सपाटीवर गाडी ठीक. अकोले, राजूर, रंधा करत शेंडीकडे चढताना मात्र दम तुटे, मागे काळा धूर, आणि बॉनेटखालून श्वास सोडल्यासारखा आवाज. दाबाच्या घड्याळाचा काटा पूर्वी जिथे जाई त्याच्या अलीकडेच थांबे. एका वर्कशॉपमध्ये टर्बो गेला असे सांगून तो बदलण्याचा खर्च कागदावर लिहून दिला होता. असे निदान नेहमी होते. टर्बो हा यंत्रणेतला सर्वांत महाग आणि सर्वांत प्रसिद्ध भाग, म्हणून संशय आधी त्याच्यावर. इंटरकूलर बदलल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल, तर ज्याला कुणी हात लावला नाही तो टर्बो नेमका त्याच दिवशी कसा बिघडेल, एवढा साधा प्रश्न विचारला जात नाही.

लक्षणांना त्यांची स्वतःची भाषा असते. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात पंपाला दाबाची खबर देणारी एक बारीक नळी असते. हवा मुख्य नळीतून मध्यम प्रमाणात गळत असेल तर धूर वाढतो. ती बारीक नळीच फुटली असेल तर पंपाला वाटते दाब नाही, तो डिझेल कमी देतो आणि गाडी धूर न करता मरगळते. दोन्हींत दम नाही, पण धूर पाहून कुठे बघायचे ते ठरते. पेट्रोल गाडीत हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असेल, तर मोजलेली हवा वाटेत निसटते, संगणक मात्र पूर्ण हवेच्या हिशेबाने पेट्रोल देतो आणि मिश्रण घट्ट होते. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर असेल तर ही चूक होत नाही. टर्बो जास्त फिरून तूट भरून काढतो आणि बिघाड झाकला जातो. हा झाकलेला बिघाड मला अधिक घातक वाटतो. ठरवल्यापेक्षा जास्त वेगाने फिरणारा टर्बो अधिक तापतो, त्याच्या बेअरिंगचे आयुष्य घटते, आणि मग एक दिवस तो खरोखरच जातो.

गळती किती मोठी असली की जाणवते याचा मी हिशेब मांडून पाहिला. २.२ लिटरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर, एक बार वाढीव दाबाने चालताना सेकंदाला साधारण ऐंशी-नव्वद लिटर बाहेरची हवा घेते. त्या दाबाला तीन मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला दोनएक लिटर हवा जाते. म्हणजे दोन-तीन टक्के. चालकाला पत्ताही लागणार नाही. भोक दहा मिलिमीटरचे झाले की तोच आकडा पंचवीस लिटरच्या घरात जातो आणि इंजिनाची पाव हिस्सा हवा रस्त्यावर सांडते. चीर एका हंगामात तीनवरून दहावर सरकते, चालकाला मात्र गाडी एकाच दिवशी बिघडल्यासारखी वाटते.

शोधायची खरी पद्धत दाब चाचणीची. टर्बोच्या तोंडाशी येणारी नळी काढून तिथे बूच बसवायचे. बुचाला टायरचा वॉल्व्ह, त्यातून कॉम्प्रेसरची हवा, मध्ये दाब आवरणारा रेग्युलेटर आणि घड्याळ. बूच एअर फिल्टरच्या डब्याला लावून उपयोग नाही. तो डबा दाब धरण्यासाठी केलेलाच नसतो, आणि तिथून सुटणारी हवा खरी गळती लपवते. इंजिनाच्या पोटातून येणारी वाफेची नळी वेगळी बंद करावी लागते, नाहीतर हवा तेलाच्या भागात शिरून सीलवर ताण आणते. गाडी रोज जितक्या दाबावर चालते तितकाच दाब, तोही हळूहळू, द्यायचा. अर्ध्या दाबावर कित्येक सांधे गळतच नाहीत. बूच पक्के बांधलेले हवे आणि समोर तोंड नको. एक बारवर निसटलेले बूच गोटीसारखे येते.

घड्याळ बघता बघता अर्धे निदान होते. काटा वर चढतच नसेल तर भोक मोठे आहे, कारण छोट्या गॅरेजचा कॉम्प्रेसर दहा मिलिमीटरच्या भोकाला पुरत नाही. चढून हळूहळू उतरत असेल तर गळती बारीक. काही हवा उघड्या राहिलेल्या झडपांतून सायलेन्सरमध्ये जाणारच. ती गळती नव्हे. सायलेन्सरला कान लावला की ती ऐकू येते आणि इंजिन हाताने थोडे फिरवले की कमी होते. मग साबणाचे पाणी. आमच्याकडचे मिस्त्री पाण्याच्या बाटलीत शॅम्पूची एक पुडी रिकामी करतात, झाकणाला भोके पाडतात आणि सांधे एकेक करून भिजवतात. पंक्चरवाल्याच्या घमेल्यातलीच ही विद्या. इंटरकूलर काढून त्याची तोंडे बंद करून पाण्यात बुडवला तर त्याची स्वतंत्र परीक्षा होते, तीही टायरच्या ट्यूबसारखी. अलीकडे धूर सोडणारी यंत्रे आली आहेत, ती छान दिसतात. पण त्यांचा दाब फार कमी असतो. दाबाखालीच उघडणारी चीर त्यांना सापडत नाही. तिथे शॅम्पूची पुडी जिंकते.

मोठा इंटरकूलर बसवल्यावर बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. नळीच्या तोंडाला उठावाची कडा नसेल तर होज दाबाने मागे सरकतो. आत तेलाचा ओशटपणा असेल तर लवकर सरकतो, म्हणून जोडण्याआधी दोन्ही अंगे पुसून कोरडी करायला हवीत. स्क्रूची साधी क्लिप मऊ सिलिकॉनला कापते आणि फार आवळली तर जास्तच कापते. गळती दिसली की क्लिप आणखी आवळणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय, आणि निम्म्या वेळा तोच पुढच्या गळतीचे कारण असतो. दाबाचा सेन्सर नव्या जाळीवर हलवताना त्याची रबरी कडी चिमटते किंवा जुन्या जागीच राहून जाते. आणि इंजिन जोर लावताना आपल्या जागी थोडे वळते. नव्या कडक नळ्यांना ते वळणे सोसण्याची सोय ठेवली नसेल तर तो ताण दुसरीकडे जातो.

संगमनेरच्या गाडीत तो असाच गेला होता. नवा इंटरकूलर मूळच्यापेक्षा जाड असल्यामुळे थोडा पुढे बसला होता. सगळे नवे सांधे कोरडे होते. एकावरही बुडबुडा नाही. बुडबुडे आले ते इंजिनाकडच्या जुन्या रबरी कोपरावर, तेही खालच्या, न दिसणाऱ्या अंगाला. कुणी हात न लावलेला तो एकमेव तुकडा पुढे ओढला गेला होता आणि वर्षांच्या उष्णतेने वाळलेल्या रबराला आतून चीर गेली होती. इंजिन नुसते चालू ठेवले की चीर मिटलेली. दाब आला की ओठासारखी उघडे. चाचणीतही सुरुवातीला घड्याळ शांत होते, दाब वाढवत नेल्यावरच पाणी फसफसले. कोपर बदलला, पाइपाला एक लवचीक जोड दिला. टर्बो जुनाच राहिला.

टर्बोच्या अलीकडची गळती मात्र वेगळी समजून घेतली पाहिजे. तिथे हवा बाहेर पडत नाही, आत ओढली जाते, आणि नगर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात हवेबरोबर धूळ येते. फिल्टर चुकवून आलेले धुळीचे कण मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेणाऱ्या चक्राच्या पात्यांची धार खातात. या गळतीत धूर नाही, आवाजही फारसा नाही. मिस्त्री नळीत बोट फिरवून पाहतो. बोटाला बारीक माती लागली की त्याला पुरते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा लागू झाले. नव्या गाड्यांत दाब, हवा, तापमान यांवर सेन्सरांचा पहारा आहे. दाब अपेक्षेपेक्षा कमी पडला की संगणक इंजिनाची ताकद स्वतःहून आवरतो, दिवा लागतो आणि स्कॅनरवर 'पी ०२९९' हा सांकेतिक अंक उमटतो. त्याचा अर्थ एवढाच, की टर्बोचा दाब कमी आहे. कोपर फाटला, क्लिप सुटली, दाब आवरणारी वेस्टगेटची झडप उघडी अडकली, एक्झॉस्टच्या बाजूची पॅकिंग जळाली किंवा टर्बोच गेला, या सगळ्यांना तो एकच अंक. काही गॅरेजांत तो अंक म्हणजे टर्बोची ऑर्डर समजली जाते. शहाणा मिस्त्री स्कॅनर सीटवर ठेवतो, गाडी पुन्हा त्याच चढावर, तेवढीच माणसे बसवून नेतो, दाबाचा आकडा लिहून घेतो, आणि परत येऊन पोराला टपरीवरून शॅम्पूची पुडी आणायला धाडतो.